सिक्वेन्स मोठा की कलर

माझ्या हातात इस्पिकची सत्ती आणि इस्पिकची पंजी होती. असले पत्ते शहाण्या माणसाने बघताक्षणी टाकून द्यावेत. पण त्या फेरीत पत्ते न बघता चाल टाकायची पाळी माझी होती, माझ्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या टिकल्या, आधीच मध्ये पडलेल्या होत्या आणि पुढे कोणी चाल वाढवली नाही, म्हणून मी फुकटात डावात राहिले. त्यानंतर जे झालं ते मी मनातल्या मनात इतक्या वेळा खेळून बघितलं आहे की परवा वर्गात फळ्यावरचं गणित अर्धं सोडून मी डस्टर हातात धरून नुसती उभी राहिले. ठाण्याच्या एका क्लासमध्ये मी बारावीला गणित शिकवते. संभाव्यतेचा धडा मला झोपेतून उठवलं तरी शिकवता येईल. या एका डावाचं उत्तर मात्र मला काढता आलेलं नाही, आणि उत्तर न येणं मला सहन होत नाही, हे माझ्या घरच्यांना आणि विद्यार्थ्यांना चांगलं माहीत आहे.

डाव माझ्या थोरल्या भावाच्या घरी होता, कल्याण पूर्वेला, रविवारी दुपारची जेवणं उरकल्यावर. दादाचं विठ्ठलवाडी स्टेशनजवळ मेडिकल आहे. मोठं नाही, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याला तिरकं व्हावं लागतं. पण त्या भागातल्या डॉक्टरांचं अक्षर वाचावं तर दादानेच. एकदा एका डॉक्टरने स्वतःच लिहिलेली चिठ्ठी दादाकडे पाठवून काय लिहिलंय ते विचारलं होतं, असं दादा सांगतो. खरं-खोटं देव जाणे, सांगताना तो मिशीत हसतो.

त्या रविवारच्या काही महिने आधी दादाला अर्धांगाचा झटका आला. सकाळी दुकान उघडताना शटर अर्ध्यावर असताना त्याचा डावा हात खाली आला आणि वर गेलाच नाही. वेळेवर नेलं म्हणून थोडक्यात निभावलं. चालणं परत आलं, बोलणं जरा सावकाश झालं, डाव्या हाताची पकड तेवढी कच्ची राहिली. एवढ्यावर सुटलो म्हणून आम्ही सगळे हात जोडत होतो. दुकानात तोवर एक पगारी फार्मासिस्ट उभा राहायचा, पण त्याला दुसरीकडे नोकरी लागली होती आणि तो जाणार होता. गाळा भाड्याने मागायला एक मोबाइलच्या कव्हरांचा व्यापारी दोनदा येऊन गेला होता. दादा म्हणत होता, सोमवारपासून मी उभा राहतो.

जेवणानंतर मी ताटं उचलून स्वयंपाकघरात नेली तेव्हा वहिनीने दार लोटून घेतलं. शहाडच्या पंपाचं काही काम निघालं होतं, नळाला पाणी नव्हतं आणि ती पिंपातून तांब्याने पाणी काढून भांडी विसळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "उद्या जायचं म्हणतायत. डॉक्टर म्हणतात, हरकत नाही. डॉक्टरांनी काय केलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं आणि पाठ थोपटली. सात वजा करून गोळ्या देतात का कोणी?"

"मग आता?"

"तू आता यांच्यासमोर बसून खेळणारेस ना. नीट बघ. कुठे चुकतात, कुठे विसरतात, तुला बरोबर कळेल. आणि मला खरं सांग. तू नाही म्हणालीस तर मी दुकानाची किल्ली देत नाही. काय भांडायचं ते भांडू देत."

"वहिनी, मी काय डॉक्टर आहे?"

"नाहीयेस म्हणून तर विचारते. तू तोंडावर बोलतेस. बाकी सगळे यांना बरं वाटेल असंच बोलतात."

हे खरं आहे. तोंडावर बोलण्याबद्दल मी घरात बदनाम आहे, आणि त्या बदनामीचा मला थोडा अभिमानही होता. मी म्हटलं, बघते. वहिनी एकसारखी नावं, एकसारख्या पट्ट्या असं काहीतरी पुटपुटत राहिली. साखरेची गोळी मागणाऱ्याला प्रेशरची गेली तर काय होतं, हे तिला मी सांगायची गरज नव्हती आणि मला तिने.

आता या खेळाबद्दल थोडं. आमच्या घरात पत्ते म्हणजे दिवाळीतली तीन पत्ती. लक्ष्मीपूजन झालं की चटई अंथरायची आणि पहाटे कोणीतरी रागावून उठेपर्यंत खेळायचं. पोकर घरात आणला पुतणीने. ती ऐरोलीला कंपनीत आहे, लॉकडाऊनमध्ये घरी बसून ऑफिसच्या मित्रांबरोबर शिकली आणि मग तिने आम्हाला धरलं. मी, दादा, ती आणि दादाचा शाळेपासूनचा एक मित्र, जो दिव्याहून दर रविवारी येतो. शंभर शंभर रुपये काढायचे आणि जिंकणाऱ्याने त्यातून पुढच्या रविवारची मासळी आणायची, म्हणजे पैसा फिरून पोटातच.

खेळ अवघड नाही. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते लपलेले. मध्ये पाच पत्ते, ते सगळ्यांचे. मधले आधी तीन उघडायचे, मग एक, मग शेवटचा एक, आणि दर टप्प्याला चाल. हातातले आणि मधले मिळून ज्याचे पाच चांगले, तो जिंकला. ज्याला पुढे खेळायचं नाही तो पत्ते टाकतो, त्याला आम्ही तीन पत्तीतल्यासारखं पॅकच म्हणतो. घोळ झाला तो एकाच गोष्टीचा. तीन पत्तीत सिक्वेन्स, म्हणजे ओळीने पत्ते, हा कलरपेक्षा मोठा. कलर म्हणजे सगळे एकाच जातीचे, सगळे बदाम, सगळे किलवर. पोकरमध्ये उलटं. इथे कलर मोठा आणि सिक्वेन्स त्याच्या खाली. का, ते मी गणिताने सगळ्यांना समजावून सांगितलं आणि कोणीही ऐकलं नाही.

जन्मभर तीन पत्ती खेळलेल्या माणसाच्या डोक्यातून सिक्वेन्स खाली उतरत नाही. पहिले काही महिने आम्ही सगळेच चुकायचो. सिक्वेन्स लागला की छाती फुगवून सगळ्या चिप्स पुढे ढकलायच्या आणि समोरच्याने कलर दाखवला की तोंडं बघायची. तेव्हा दादाने एक वाक्य काढलं. असा कोणी चुकला की तो शांतपणे म्हणायचा, "दिवाळी संपली." एवढंच. पुढे ते आमच्या घरातलं बोलणंच झालं. कोणी जुन्या भावाने भाजी मागितली तरी पुतणी म्हणते, दिवाळी संपली. दादाचा मित्र अजूनही महिन्यातून एकदा तरी चुकतो. दादा पहिल्या वर्षानंतर कधीच चुकला नाही. उलट समोर कलर दिसत असताना हातात काही नसताना चाल लावून मला हाकलून देण्यात तो पटाईत. कितीदा मी चांगले पत्ते टाकून दिले आणि मग त्याने हळूच आपली दुर्री-छक्की दाखवली. मी चिडले की त्याला जेवण गोड लागतं.

तर त्या रविवारी मी त्याच्यासमोर बसले आणि पत्ते सोडून त्याच्याकडेच बघायला लागले. हे काम किती वाईट आहे ते बसल्यावर कळलं. आपल्या भावाच्या प्रत्येक हालचालीला गुण द्यायचे. त्याने "चाल कोणाची?" विचारलं की मी मनात एक खूण करायची. पण त्याचा मित्र तर दर डावाला तेच विचारतो. दादाने पत्ते एका हाताने वाटले, एक उलटा पडला. पण डावा हात कच्चा आहे म्हणून पडला, त्याचा डोक्याशी काय संबंध? मी स्वतःलाच रागावत होते. असल्या कोणत्याही गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी वर्गात मुलांना ओरडून सांगते.

मग एका डावात मित्राने सिक्वेन्स ठेवला, पुतणीने कलर दाखवला, आणि कोणी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "दिवाळी संपली रे."

मित्र कपाळावर हात मारून म्हणाला, "आयला, परत." पुतणी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराशी वहिनी कोथिंबीर निवडत उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला वाटलं, झालं, संपली परीक्षा. माझा जीव हलका झाला आणि मी खरंच खेळायला लागले.

त्यानंतर तो डाव आला.

मधले तीन पत्ते उघडले. इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, बदामची अठ्ठी. माझ्या हातातले दोन इस्पिक आणि मधले दोन, म्हणजे आणखी एक इस्पिक आला की माझा कलर. मी थांबले, दादाने चाल लावली. मित्राने पत्ते टाकले, पुतणी आधीच पॅक झाली होती. मी दादाइतक्याच चिप्स टाकून राहिले. चौथा पत्ता चौकटची राणी. दादा जरा ताठ बसला आणि त्याने दुप्पट चाल लावली. इथे मी पॅक व्हायला हवं होतं, हिशेब तसंच सांगत होता, पण माझा जीव हलका झाला होता ना, मी राहिले. पाचवा पत्ता इस्पिकची तिर्री.

कलर. लहान, पण कलर. मी बेताची चाल लावली. दादाने मधल्या पत्त्यांकडे बघितलं, एकेक करून, डावीकडून उजवीकडे. मग उजव्या हाताने आपल्या सगळ्या चिप्स हळूहळू पुढे सरकवल्या. काही घरंगळल्या, त्या त्याने परत गोळा करून ठेवल्या.

"ऑल-इन," तो म्हणाला.

आता बघा. मध्ये तीन इस्पिक दिसतायत. मी चाल लावली आहे, म्हणजे माझ्याकडे कलर असू शकतो हे आंधळ्यालाही कळावं. अशा वेळी सगळं पुढे ढकलणाऱ्या माणसाकडे काय असेल? एक तर माझ्याहून मोठा कलर. तसं असेल तर मी हरले आणि दादा ठणठणीत. दुसरं, काहीच नसेल आणि तो मला नेहमीसारखा हाकलत असेल. तसं असेल तर दादा नुसता ठणठणीतच नाही, तर माझा जुना दादा जसाच्या तसा परत आला. आणि तिसरं. राणी आली तेव्हा तो ताठ बसला होता. गुलाम आणि दश्शी हातात असतील तर राणी आल्यावर नव्वीपासून राजापर्यंत ओळ लागते. तेव्हा तो सर्वात मोठा हात होता, कलर अजून शक्यच नव्हता. त्याच्याकडे तो सिक्वेन्स असेल, आणि इस्पिकची तिर्री येऊनही त्याच्या मनात तो सर्वात मोठाच राहिला असेल, तर थोड्याच वेळापूर्वी मित्राला दिवाळी संपली म्हणणाऱ्या माणसाला आता ती संपल्याचं माहीत नव्हतं.

मी पॅक झाले असते तर यातलं काहीच कळलं नसतं. त्याने न दाखवता पत्ते टाकले असते, चिप्स ओढल्या असत्या. मला तेच करावंसं वाटत होतं, अगदी मनापासून. पण वहिनी दारात उभी होती. एकसारख्या पट्ट्या, एकसारखी नावं. मी माझ्या सगळ्या चिप्स पुढे केल्या.

"बघू," मी म्हटलं.

दादाने पत्ते उलटे केले. किलवरचा गुलाम, चौकटची दश्शी. "सिक्वेन्स," तो म्हणाला. "राजापर्यंत." आणि त्याचा उजवा हात चिप्सकडे गेला.

आवाजात बढाई नव्हती. जिंकलेल्या माणसाचा साधा आवाज होता तो. हात सरळ गेला, कुठे अडखळला नाही.

माझे पत्ते अजून माझ्याकडे उपडेच होते. मला फक्त ते उलटायचे होते. "दिवाळी संपली" हे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी दादाकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग होता. आणि मी माझे पत्ते तसेच उपडे उचलून गड्डीत खुपसले.

"गेले," मी म्हटलं.

"आत्या, दाखव ना. कशावर राहिलेलीस एवढी?"

"राजाची जोडी."

"राजाच्या जोडीवर ऑल-इन? आत्या, तू?" पुतणीने माझी मनसोक्त टिंगल केली. मित्र म्हणाला, "बारके, तुझं गणित गेलं खड्ड्यात." मी लहानपणापासून त्याच्यासाठी बारकीच आहे. मग त्याने दादाच्या पाठीवर थाप मारली, "आलास रे बाबा परत." आणि दादा हसला, मिशीत.

तोंडावर बोलणारी बाई मी. पत्ते उलटायला किती ताकद लागते? तेवढी माझ्यात नव्हती. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि तरीही मी तेच परत केलं असतं, हेही मला तेव्हाच कळलं.

चहाच्या वेळी मी स्वयंपाकघरात गेले ती वहिनीला सांगायचं ठरवून. नेमकं काय सांगायचं ते मात्र ठरलं नव्हतं. वहिनीने मला बोलूच दिलं नाही. आल्याचा तुकडा ठेचता ठेचता ती म्हणाली, "बघितलं मी. तुला हरवलं. तुला. मग अजून काय बघायचं?" तिचे डोळे भरून आले होते. "मी उगाच घाबरत होते गं. तूही मान हलवलीस मगाशी."

"वहिनी, एका डावावरून काही..."

"तूच म्हणतेस ना, हा नशिबाचा खेळ नाही, डोक्याचा आहे."

हो, मीच म्हणते. दर रविवारी म्हणते.  आता काय सांगणार होते? की मी मुद्दाम हरले? की त्याने चूक केली, पण तीच चूक त्याने त्याच दुपारी दुसऱ्याची पकडलीही होती? की मला खरोखर कळलेलं नाही? चूक सवयीची असेल तर तिला काही अर्थ नाही. माझा एक हुशार विद्यार्थी परीक्षेत सात नव्वे त्रेपन्न लिहून येतो, म्हणून मी त्याला डॉक्टरकडे पाठवत नाही. पण तो विद्यार्थी कोणाला गोळ्या देत नाही. वहिनीने चहाचे कप माझ्या हातात दिले आणि मी ते बाहेर नेले.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा दादा म्हणाला, तुला रिक्षापर्यंत सोडतो, तेवढंच माझं चालणं होईल. आम्ही उतरलो. खाली पाण्याचा टँकर आला होता आणि बायका हंडे-बादल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत आम्ही रस्त्याला लागलो. दादा डाव्या बाजूने माझ्या जवळून चालत होता, धरत नव्हता, पण जवळून.

"तुझ्याकडे कलर होता," तो म्हणाला.

मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"राजाची जोडी असती तर तू शेवटी चाल लावलीच नसतीस. इस्पिकची तिर्री पडल्यावर लावलीस. त्याच्या आधी दोन्ही वेळा नुसती राहिलीस, चौथ्या पत्त्याला तर राहायला नको होतंस. म्हणजे वाट बघत होतीस इस्पिकची. आणि लहान कलर होता. मोठा असता तर माझ्या ऑल-इनवर तू एवढा वेळ घेतला नसतास."

एवढा नेमका हिशेब मी वर्गातल्या पहिल्या नंबराकडूनही ऐकलेला नाही. मला एकदम इतका आनंद झाला की मी रस्त्यातच थांबले.

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हटलं. "तू मला हाकलत होतास. तुझा सिक्वेन्स माझ्या कलरखाली आहे हे कळूनच सगळं टाकलंस, मी घाबरून पॅक होईन म्हणून. मी मूर्ख, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला माहितीये. म्हणून तर टाकलेस पत्ते." तो थांबला. बोलताना तो हल्ली मध्येच थांबतो, शब्द गोळा करतो. "तसंच असेल. हाकलत असेन. माझी सवयच आहे ती. पण मग माझा हात चिप्सकडे का गेला?"

मी त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"हात गेला तेव्हा मला वाटलं, मी जिंकलो. अगदी खरं वाटलं. मग तू पत्ते गड्डीत घातलेस, तुझं तोंड बघितलं आणि लक्षात आलं, अरे, कलर मोठा. तेव्हापासून आठवतोय. चिप्स पुढे ढकलताना माझ्या मनात काय होतं? तुझा सगळा डाव मला आठवतोय बघ, पहिल्या पत्त्यापासून. माझाच आठवत नाही. तुला फसवत होतो की विसरलो होतो, ते मलाच सांगता येत नाही गं."

रिक्षा स्टँडवर दोन रिक्षा होत्या आणि ड्रायव्हर कोणत्यातरी गोष्टीवरून एकमेकांची चेष्टा करत होते. दादा बाजूला उभा राहिला. माझा दादा, ज्याने मला लहानपणी पत्ते पिसायला शिकवलं आणि जिंकू कधी दिलं नाही. मला त्याच्यासाठी काहीतरी करायचं होतं, काहीही, आणि करण्यासारखं काही नव्हतं. शेवटी माझ्याकडे शब्दच होते, आणि तेही त्याने मागायचे होते.

"तू मला एक सांग," तो म्हणाला. "अशा माणसाच्या हातून तू औषध घेशील?"

"घेईन," मी म्हटलं.

पण ते लगेच म्हटलं नाही. मध्ये थोडा वेळ गेला. एखाद्या माणसाला रिक्षात पिशवी ठेवायला लागतो तेवढा असेल, जास्त नाही. पण दादा माझ्याकडे बघत होता, आणि पत्त्यांच्या खेळात समोरचा किती उशिरा बोलला यावरून त्याच्या हातात काय आहे ते ओळखणारा माणूस आहे तो.

"बरं," तो म्हणाला. "बस तू. पोचल्यावर फोन कर." आणि वळून चालायला लागला.

सोमवारी सकाळी मी वर्गात जायला निघाले होते तेव्हा वहिनीचा फोन आला. "काल एवढे जिंकले, रात्री दुकानात जायचा शर्टसुद्धा काढून ठेवलेला. आणि आज म्हणतात, गाळा देऊन टाकू. काही सांगत नाहीत. तू काल जाताना यांना काही बोललीस का?"

"नाही," मी म्हटलं. या वेळी मी जराही वेळ घेतला नाही.